बाभळीचा टेकू

सरदारांच्या काळात एका घाटमाथ्यावर सागाच्या सांगाड्यावर दुमजली घर उभं राहिलं. पुढं त्याच्या नक्षीदार खांबाला वाळवीनं आतून पोखरलं, तेव्हा घरच्यांनी शेजारी बाभळीचा वाकडा टेकू लावला. माडीचा सगळा भार त्यानं कित्येक पिढ्या मुकाट पेलला. कौतुक मात्र नक्षीचं.

मग घर पहिल्यासारखं करायला शहरातून जाणती माणसं आली. जाणती म्हणे! त्यांचा म्होरक्या नाक मुरडून म्हणाला, "हे ठिगळ मूळ घरात नव्हतं. काढा."

टेकू खांबाला म्हणाला, "दादा, मी निघालो की तू मोडशील. अंगावर एक चीर पडू दे, म्हणजे आतली पोकळी त्यांना दिसेल."

"आणि माझी अब्रू?" खांब म्हणाला. "तू मागाहून आलेला. उपऱ्यानं उपऱ्यासारखं राहावं."

टेकू उपटून अंगणात फेकला. तुळई करकरली, खांब भुसभुशीत होऊन बसला आणि माडी खाली आली. माणसं कशीबशी बाहेर पळाली.

म्होरक्यानं कपडे झटकले आणि टेकूला लाथ घातली. "ह्या मेल्यानंच घर खिळखिळं केलं होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.