आंबेदऱ्याची सांगती अष्टमी

हां हां, पाहुणे, रुमाल खिशात ठेवा! देवीपुढची ती बंदूक पुसायची नाही. गंजली आहे, कोळ्यांनी जाळी धरली आहे, सगळं आम्हाला दिसतं. मी इथला गुरव, चाळीस वर्षं तिच्याजवळ दिवा लावतो. पण फडकं नाही लावलं. बाहेरगावचे लोक आम्हाला आळशी म्हणतात. म्हणू देत.

ही बंदूक गवाऱ्यांची. समोरचा घाट राखायचा मान पूर्वी त्यांच्याकडे होता, आणि त्या मानापोटी पायथ्याची जमीन. त्यांचा मूळपुरुष हैबती याने म्हणे एकट्याने तीन दिवस खिंड अडवून धरली, तेव्हा कुणा सरदाराने त्याला ही बंदूक दिली आणि नळीवर सोन्याच्या पातळ पत्र्याने त्याचं नाव बसवलं. पुढच्या पिढ्यांना वाचता येत नव्हतं. बंदूक चुलीवरच्या आढ्याला टांगलेली, तिच्यावर धुराची पुटं चढली. नाव आहे एवढं मात्र बापाने मुलाला सांगावं, अशी रीत होती. बायकांना कोण सांगतो?

मग राज्य बदललं आणि मान कुणाकुणाचे खरे, याची तपासणी निघाली. ऐन नवरात्रात एक अधिकारी आंबेदऱ्यात आला. गवाऱ्यांचा म्हातारा धावजी बंदूक घेऊन चावडीवर गेला. कागद नव्हताच; होती ती ही बंदूक. अधिकारी जुन्या हत्यारांचा जाणकार होता, असं सांगतात. त्याने नळी तोलली, चाप पाहिला, लाकूड हुंगलं. मग तेलाच्या बोळ्याने बोटभर जागा हलकेच पुसली, तर काळ्यातून एक सोनेरी अक्षर चमकलं. म्हणाला, "म्हातारबा, लोखंड म्हणाल तर अशा बंदुका पुष्कळ आहेत. हिचं मोल या अक्षरांत आहे. पूर्ण नाव निघालं तर घाट तुमचा. पण पत्रा फार नाजूक आहे. दसरा झाला की मोडी वाचणारा घेऊन येतो. तोवर हिला कुणी हात लावू नका."

धावजी आनंदाने घरी आला आणि बंदूक पुन्हा आढ्याला टांगली. चावडीवर काय झालं ते त्याने भावकीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, देवळात येऊन आमच्या पूर्वजालाही सांगितलं. घरात सून होती, ठकूबाई. तिला सांगायचं काही त्याच्या डोक्यातच आलं नाही. तिचा नवरा घाटाच्या चौकीवर, तोही घरी नव्हता.

ठकूबाईच्या कानावर आलं ते एवढंच, की साहेब पुन्हा बंदूक बघायला येणार. अष्टमी उजाडली; दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. आणि बंदूक ही अशी काळीकुट्ट! लोक काय म्हणतील, गवाऱ्यांच्या सुनेला हात नाहीत? धावजी शेतावर गेला तशी तिने बंदूक खाली काढली. चिंच, राख, विटकरीची भुकटी घेऊन दुपारभर घासली. नळी लख्ख झाली. कौतुकाने तिने तिला झेंडूची माळसुद्धा घातली, बिचारीने.

संध्याकाळी धावजी आला आणि उंबऱ्यातच खाली बसला.

दसऱ्यानंतर अधिकारी आला. त्याने नळी उन्हात धरली, पुन्हा पुन्हा फिरवली. वाईट त्यालाही वाटलं. "एक अक्षर मी या डोळ्यांनी पाहिलं. पण एका अक्षराला नाव कसं म्हणू?" म्हणाला. घाट दुसऱ्याकडे गेला, जमीनही गेली.

धावजी सुनेवर ओरडला नाही. तीच म्हणाली, "मामंजी, दोन शब्द मला सांगितले असते, तर मी तिला बोटसुद्धा लावलं नसतं." म्हातारा म्हणाला, "तुझं काय चुकलं, पोरी? साऱ्या गावाला सांगत फिरलो आणि तुलाच वगळलं." बंदूक त्याने देवीपुढे आणून ठेवली. पुढची दिवाळी काही त्याने पाहिली नाही. ठकूबाई कितीतरी वर्षं उकिरड्यावरची राख चाळणीने चाळत बसायची म्हणे, सोन्याचा कण दिसतो का बघायला.

आजही आंबेदऱ्यात अष्टमीला प्रत्येक घरचा कर्ता पुरुष चुलीपाशी बसतो. घरातली जुनी वस्तू, मग ती तलवार असो की अडकित्ता, बायकांच्या हातात देतो आणि ती कुणाची, कशी आली, काय जपायचं, सगळं सांगतो. सुनेने "कळलं" म्हटल्याशिवाय नवमीची पूजा मांडत नाहीत. या दिवसाला आम्ही सांगती अष्टमी म्हणतो.

गवाऱ्यांच्या घरात आता दाखवायला काही नाही. तरी त्यांचा माणूस बसतो आणि सुनेला तेवढं एक नाव सांगतो. ते लिहिलेलं आता कुठंच नाही. सून ते तीनदा म्हणून दाखवते.