यल्लव्वाचा पाटा

फार वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, खडेगावच्या सरकारी शाळेत एकतीस मुलांची परीक्षा झाली. एकतीसही नापास झाली. शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि एक मास्तर.

गाव वडारांचं. आईबापांबरोबर मुलंही खाणीवर खडी फोडायला जात, कारण न फोडली तर संध्याकाळी चूल पेटत नसे. वरच्या कचेरीत लिहून ठेवलं होतं की ही मुलं मंद आहेत. ती मंद नव्हती. ती उपाशी होती.

त्या गावात यल्लव्वा राहायची. घरोघरच्या झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नीनं टाकी लावणं हे तिचं काम. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण रोज ती शाळेच्या निवृत्तीमास्तरांकडून खाणीच्या कातळावर कोळशानं एक अक्षर काढून घ्यायची आणि छिन्नीनं ते खोल कोरायची. भाकरी खाऊन झाली की मुलं त्यावर बोट फिरवायची, तेही डोळे मिटून, कारण डोळे धुळीनं चुरचुरत. "दगडाची कच डोळ्यात जाते, बोटात न्हाई जात," यल्लव्वा म्हणायची. तिच्या अक्षरावरून बोट फिरलं की दगड हळूच उच्चार करायचा, असं म्हणतात.

शाळेला फळा नव्हता. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी तो आपल्या बैलगाडीतून आणला आणि त्यावर खडूनं 'कमळ' लिहिलं. दुर्गव्वा नावाची पोर पुढं आली. तिनं डोळे मिटले, बोट फिरवलं, शब्द पुसला गेला.

"पुसतेस काय?"

"वाचतीया, सायेब."

एकतीस वेळा साहेबांनी शब्द लिहिला, एकतीस वेळा तो पुसला गेला. मास्तर काही सांगू लागले, तर साहेबांनी त्यांना गप्प केलं आणि शेरा लिहायला घेतला: शाळा बंद करावी.

दारात यल्लव्वा उभी होती. डोक्यावर पाटा होता, माणसाएवढा, असं म्हणतात. तो तिनं साहेबांपुढं उतरवला.

"तुमचं अक्षरच पुसतंय, त्याला लेकरं काय करतील? ह्याच्यावर लिवा. मी कोरते."

साहेब हसले आणि त्यांनी खडूनं लिहिलं: ही शाळा आजपासून बंद.

काय लिहिलंय ते यल्लव्वाला कळलं नाही. ती कोरत गेली. ठिणग्या उडाल्या, त्या विझल्याच नाहीत, छपराला चांदण्यांसारख्या चिकटून राहिल्या, असं म्हणतात. मग साहेबांनी आपल्या उपरण्यानं दुर्गव्वाचे डोळे बांधले. पोरीचं बोट पाट्यावरून सावकाश सरकलं.

"ही शाळा आजपासून बंद," तिनं वाचलं. मग तोंड वर करून विचारलं, "कशापायी?"

साहेबांनी उपरणं सोडून पुढच्या मुलाचे डोळे बांधले. उरलेल्या तीस मुलांनीही तेच वाचलं आणि तेच विचारलं. दुर्गव्वानं वाचलं तेव्हाच यल्लव्वाची छिन्नी हातातून गळून पडली होती. आपण काय कोरलं, ते तिला तेव्हा कळलं.

साहेबांनी शेरा फाडला. नवा लिहिला: मुलं वाचतात. शाळा चालू ठेवावी. इथं दुसरा मास्तर ताबडतोब द्यावा. खाली सही केली.

तो पाटा आज शाळेच्या उंबऱ्याशी बसवलेला आहे. दर जूनमध्ये पहिलीच्या प्रत्येक मुलाचं बोट त्यावरून फिरवतात, आणि शेवटच्या अक्षरापाशी मूल मोठ्यानं विचारतं, "कशापायी?" त्याशिवाय हजेरीत नाव चढत नाही.

शाळेत आता चौऱ्याहत्तर मुलं आहेत. वर्ग चार, मास्तर एक. दुसरा अजून आलेला नाही, आणि का आला नाही, हे कुठल्याही कचेरीनं आजवर सांगितलेलं नाही.