वाटेवरचा लाल दगड

वाटा अजून नुसत्या पायांनीच पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. तळ्याकडे जाणाऱ्या एका वाटेवरून रोज रेड्यांचा कळप धावत यायचा. त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या कासवाची दोन नातवंडं त्यांच्या खुरांखाली गेली. उरली एकटी ठकू.

परमुलखातून आलेला करकोचा म्हणाला, "आमच्याकडे वाटेवर लाल दगड असतो. तिथे कुणी चिरडत नाही."

लाल म्हणजे नेमका कसा, एवढंच कासवाने त्याला खोदून विचारलं. सगळ्यांनी मिळून दगड आणला, त्याला गेरू फासला. दुसऱ्या दिवशी कुणाला तो देव वाटला आणि त्याने फूल वाहिलं. मग रेडे आले, धावता धावताच मान तुकवून पुढे गेले. एक ससा चिरडला.

कासवाला काही उमगेना. "काय हो पाहुणे, तुमच्याकडचे रेडे दगडाला काय वाहतात?"

"वाहतात कशाला? तिथे थांबतात. लहानगी गेली की निघतात."

"हे आधी नाही का सांगायचं!"

"तुम्ही रंगच विचारत बसलात, आजोबा."

कासव वाटेत जाऊन बसलं. धुरळा आला. पुढचा रेडा ओरडला, "आजोबा, सरका! नमस्कार केला की देवाला!"

"नमस्कार नको रे बाबा. माझी ठकू पलीकडे जाईस्तोवर उभा राहा."

रेडा गोंधळला, पण थांबला. मागचे त्याच्यावर आदळले. "मुहूर्त बघतोस काय रे?" एकजण खेकसला.

ठकू निघाली. फार हळू चालत होती ती. सगळा कळप तिच्याकडे बघत उभा होता.