नानांची बकुळ आणि गाडीच्या बॅटऱ्या

तळेगावजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीतली बॅटरीवरची गाडी बंद पडली, आणि नानांचं टेकडीवरच्या बकुळीकडे जाणं थांबलं. झाड त्यांनीच लावलेलं. आता गुडघे साथ देईनात. दिवसभर खिडकीतून टेकडीकडे बघत बसायचे.

"नव्या बॅटऱ्या कशाला?" अध्यक्ष रणदिवे भर बैठकीत कडाडले. "झाडच बघायचंय ना? रोज मोबाईलवर फोटो पाठवतो!"

नानांच्या पत्नी प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, दिवाळीला तुमची लेक कॅनडाहून येतेय ना? तिलाही कळवा. येऊ नकोस, फोटो पाठव."

रणदिव्यांनी बॅटऱ्यांचा खर्च तिथेच मंजूर केला.

आठवड्याभरात नव्या बॅटऱ्या बसल्या. पहिल्या फेरीला नानांना हात धरून टेकडीवर नेलं ते रणदिव्यांनीच. नाना बुंध्याला बिलगले, तेव्हा रणदिव्यांनी खिशातला मोबाईल काढलाच नाही.