पांडोबाची बिनकचऱ्याची दिवाळी

एका गावात एक भोळा पांडोबा होता. बायको सांगेल ते अक्षरशः पाळायचा. कुठं पाळायचं, तेवढंच चुकायचं.

गेल्या भाऊबीजेला बायकोचा, म्हणजे चंद्राचा, भाऊ उत्तम दारातला कचऱ्याचा ढीग बघून म्हणाला होता, "तायडे, हा सण आहे का उकिरडा? मी परत यायचो नाही!" यंदा तिनं कशीबशी मनधरणी केली. एकुलता एक भाऊ, तो तुटला तर माहेरच संपलं. म्हणून तिनं ठरवलं, यंदा काडीसुद्धा वाया घालवायची नाही.

पांडोबानं मिठाईच्या पुड्याची सुतळी फेकली.

"अहो, फेकताय काय? वेटोळी सोडवायची, सरळ करून ठेवायची!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी डबाभर चकल्यांचा भुगा!

"अगं, एक म्हणून सरळ होईना," घामाघूम पांडोबा म्हणाला.

मग त्यानं धनत्रयोदशीची फुलं गटारात टाकली.

"देवापुढचं असं टाकतात होय? परसात पुरायचं, खत होतं."

"बरं."

लक्ष्मीपूजन झालं आणि चंद्राच्या पाटल्या गायब!

"देवापुढच्याच होत्या की. पुरल्या. पाणीसुद्धा घातलंय."

चंद्रानं कपाळ बडवून घेतलं. "अहो, कुजतं ते पुरायचं! चांगली वस्तू सण झाला की पुसायची, कागदात गुंडाळायची, डांबरगोळ्या घालून माळ्यावर ठेवायची. पुढच्या वर्षी नवी आणावी लागत नाही!"

"हे आधी सांगायचं की!"

भाऊबीजेला उत्तम आला. अंगण लख्ख. "तायडे, यंदा झकास!" चंद्राचा जीव भांड्यात पडला. तिनं ओवाळलं, पोटभर वाढलं.

"पुढच्या वर्षी मात्र सुट्टी मिळणं कठीण दिसतंय," उत्तम जांभई देत म्हणाला. "दाजी, जरा कुठं तरी पडतो."

"माळ्यावर पडा. वारा छान लागतो," पांडोबा म्हणाला.

चंद्रा शेजारी फराळ देऊन आली, तर भाऊ दिसेना. तिला रडूच फुटलं. "गेला ना माझा भाऊ? न सांगता गेला?"

"गेला कसा? मी जाऊ देईन होय?" पांडोबानं माळ्याची शिडी काढून बाजूला भिंतीला टेकवून ठेवली. "ओवाळून झालं. झोपेतच पुसला, कागदात गुंडाळला, सुतळीनं बांधला. सुतळी तीच हं, आपली सरळ केलेली."

माळ्यावरून धडाधड शिंका आल्या. "तायडे! शिडी लाव गं!"

"डांबरगोळ्या जरा जास्तच पडल्या," पांडोबा म्हणाला. "पण पुढच्या वर्षी नवा भाऊ आणायला नको."