पहिल्या चार्जिंगचा मान

परिवहन समितीचे सभापती बाबाराव हिंगमिरे तरातरा डेपोत शिरले. विजेवरच्या बस कोणत्या क्रमाने चार्ज करायच्या हे तिथलं सॉफ्टवेअर ठरवायचं, आणि त्यात सभापतींच्या वॉर्डाची बस शेवटी होती.

"आमची बस सगळ्यांत आधी चार्ज करा, नाहीतर तुमची बदली!"

डेपो व्यवस्थापक शर्वरी टिळेकरने स्क्रीनवरचा क्रम पाहिला. पहिला नंबर पहाटे नर्सना नेणाऱ्या बसचा होता. तो काढायचा कसा?

"करते साहेब," ती शांतपणे म्हणाली. "फक्त जी बस आधी सुटते, तीच हे सॉफ्टवेअर आधी चार्ज करतं. तेव्हा तुमची उद्यापासून पहाटे चारला सोडते. पहिले प्रवासी म्हणून तुम्ही रोज याल ना?"

सभापतींनी घसा खाकरला.

"राहू द्या. आमच्या वॉर्डातली माणसं जरा उशिराच उठतात."