भिंगरी आणि बटव्यातली चव

एक होता राजा. त्याला दोन लेकी. थोरलीचं खरं नाव विशाखा, पण ती एका जागी बसेल तर शपथ! म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. धाकटी ठकी, अजून दुधाच्या दातांची. राज्य राजाचं, पण स्वयंपाकघर कुणाचं? राजाच्या आत्याचं, अक्कासाहेबांचं. त्यांचे तीन नियम. जेवताना आवाज करायचा नाही. कुणाचं उष्टं खायचं नाही. पानात काही टाकायचं नाही.

भिंगरी विचारायची, "का?"

"का म्हणजे? आपल्यात असंच असतं."

मग भिंगरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा काय झालं, समुद्रापलीकडून एक म्हातारी पाहुणी आली. तिनं स्वतःच्या हातचं माशाचं सार आणलं. वास असा, बरं का, की मांजर धावत आत आलं आणि माणसं धावत बाहेर गेली. अक्कासाहेबांनी एक घोट घेतला आणि भर पंगतीत थुंकला.

"शी! हे माणसं खातात?"

म्हातारीनं कमरेचा बटवा उघडला. राज्यातली सगळी चव भुर्रकन आत गेली! मग तिनं बटव्याला तीन गाठी मारल्या आणि तो पाटावर ठेवला. "तीन परक्या देशांत जेवून या. तिथलं कुणी 'तू आमचीच' म्हणालं, की एक गाठ सुटेल." एवढं बोलून ती निघून गेली.

झालं! आमटी म्हणजे कोमट पाणी, पुरणपोळी म्हणजे ओला कागद. मोठी माणसं कशीबशी गिळत. पण ठकी तोंडच उघडेना. तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत चढू लागल्या.

अक्कासाहेब म्हणाल्या, "येईल चव आपोआप. जरा धीर धरा."

"तुम्ही धरा धीर. ठकीला तेवढा वेळ नाही," भिंगरी म्हणाली. तिनं बटवा उचलला आणि निघालीसुद्धा.

अक्कासाहेब दारातून ओरडल्या, "आपले तीन नियम विसरू नकोस गं!"

पहिला देश बर्फाचा. तिथं वाडगाभर गरम कढणात लांबच लांब शेवया. भिंगरी गुपचूप जेवली. यजमानीण हिरमुसली. "आवडलं नाही वाटतं? आमच्याकडे असं मुकाट्यानं फक्त रुसलेली सून जेवते." मग काय! भिंगरीनं वाडगा तोंडाला लावला. सुर्रर्र! सगळं घर हसलं. "तू आमचीच गं!" एक गाठ सुटली.

मग ती धावत सुटली. दुसरा देश डोंगरांचा. तिथं आंबोळीसारखी जाळीदार, आंबट, परातीएवढी भाकरी. सगळ्यांचे हात त्या एकाच परातीत. यजमानणीनं अर्धा घास आपण खाल्ला आणि उरलेला भिंगरीच्या ओठांशी नेला. उष्टा! भिंगरीचं तोंड मिटलं. मग तिला आठवलं, ठकीला भरवताना आपण घास आधी चाखूनच देतो. तिनं तोंड उघडलं. वर त्याच परातीतला घास यजमानणीला भरवला. "तू आमचीच!" दुसरी गाठ सुटली.

तिसरा देश नदीकाठचा. तिथं तिळाचं गोड सारण भरून वाफवलेले उंडे. "अगं बाई, हे तर बिननाकाचे मोदक!" भिंगरीनं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. यजमानणीनं पुन्हा भरली. तिनं पुन्हा लख्ख केली. मग पुन्हा भरली, पुन्हा लख्ख. चौथी वाटी संपत आली, पोटाचा झाला नगारा, पण गाठ काही सुटेना.

एवढ्यात आतून यजमानणीचं रडू ऐकू आलं. "अहो, ही पोरगी आहे की वणवा? पोट भरलं असतं तर घासभर तरी ठेवला असता ना! आता घरात आहे काय वाढायला?"

भिंगरीनं वाटीकडे पाहिलं. शेवटचा एकच घास उरला होता. तो ठेवायला तिचा हात होईना. तिकडे ठकी उपाशी, आणि इथं अन्न टाकायचं? जन्मभर अक्कासाहेबांशी भांडली, पण अक्कासाहेब तिच्या पोटातच बसल्या होत्या! शेवटी तिनं डोळे मिटले, घास तसाच ठेवला आणि वाटी पुढे सरकवली.

यजमानीण टाळ्या पिटत आली. "भरलं गं बाई पोट! तू आमचीच!"

तिसरी गाठ सुटली. चव पुढे, भिंगरी मागे, दोघी धावत घरी. ठकीनं मऊ भात चाखला. मग म्हणाली, "आणखी!"

राजानं पंगत घातली. म्हातारी पाहुणी पुन्हा आली, तेच सार घेऊन. सगळे अक्कासाहेबांकडे बघू लागले. अक्कासाहेबांनी मांडीवरच्या ठकीकडे पाहिलं. मग वाटी उचलली. सुर्रर्र! भर पंगतीत, बरं का!

"वास वाईटच आहे," त्या म्हणाल्या. "वाढा थोडं."

मग त्यांनी पाहुणीच्या पानात भाकरी आणि ठेचा वाढला. पाहुणीचं नाक वाहिलं, डोळे वाहिले, कान लाल झाले.

"हे माणसं खातात?" तिनं विचारलं, आणि आणखी ठेचा मागितला.

सगळे पोटभर जेवले, सुखानं राहिले. भिंगरी मात्र हात धुता धुता पाहुणीला विचारत होती, "तुमच्या पलीकडे कोण राहतं हो? ते काय खातात?" तिचे पाय काही थांबले नाहीत. तुमचे मात्र थांबवा आता. पांघरूण कोण उडवतंय? हं, मिटा डोळे.